ठकीच्या शिदोरीतली भाकरी

मी एक जुनी भाकरी आहे. किती जुनी म्हणाल, तर दहा पावसाळे पाहिलेली. हसू नका, मित्रांनो. तुमच्या घरची भाकरी सकाळी थापली की दुपारी संपते, उरली तर संध्याकाळी कुत्र्याच्या वाट्याला जाते, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मी मातीची आहे. बंद्या रुपयाएवढी गोल, नाचणीच्या रंगाची, पाठीवर धुराचे दोन काळे डाग. आजवर मला कोणी खाल्लेलं नाही. एका म्हाताऱ्यानं प्रयत्न केला होता, ती गंमत पुढे सांगते. भाकरीच्या जन्माला येऊन एवढं आयुष्य मिळालं, ही काय थोडीथोडकी गोष्ट झाली? म्हणून मी जरा तोऱ्यात बोलते. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कसा झाला ते आधी ऐका. एका गड्याला भाकरी थापता येत नव्हती, म्हणून मी जन्मले.

पोलादपूरच्या वर डोंगराच्या उतारावर आमची वाडी आहे. वरच्या अंगाला लहान लहान घरं, खालच्या अंगाला भातखाचरं आणि दोन-चार मोठी घरं. वरच्या घरांतले बरेचसे गडी मुंबईला गिरणीत. भागोजी मात्र गावीच राहिला होता. त्याची बायको रखमा एका भादव्यात तापानं गेली. मागे राहिली आठ वर्षांची आवडी. शेजारणींनी महिनाभर भाकऱ्या पोचवल्या. मग भागोजीलाच लाज वाटायला लागली. तो म्हणाला, "बास झालं. माजी मी करीन."

करीन म्हणणं सोपं होतं हो. पहिल्या दिवशी भाकरी तव्यावर टाकताना अर्धी चुलीत पडली आणि अर्धी त्याच्या मनगटाला चिकटली. दुसऱ्या दिवशी काठवटीतून उचलतानाच तिचे तीन तुकडे झाले. घरात नाचणी होती ती पुढल्या पिकापर्यंत पुरवायची होती. शिकण्यापायी पीठ नासायचं त्याच्या जिवावर आलं. मग त्यानं काय केलं असेल? ओढ्याकाठच्या बांधाची चिकट माती आणली, नदीतल्या वाळूचा हात लावून मळली आणि अंगणातल्या सपाट दगडावर मातीच्या भाकऱ्या थापायला बसला.

पाण्याला जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. तोंडाला पदर लावून हसायच्या. "भागोजीला येड लागलं गो," म्हणायच्या. भागोजी खाली मान घालून थापत राहायचा. आवडी शेजारी बसून शिकवायची. "अशी नाय, बा. आय भाकर नाय फिरवायची. हात फिरवायची. भाकर आपली आपण फिरते." मोठ्या माणसाला लहान पोर शिकवत होती आणि तो शिकत होता. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. माती पुन्हा मळता येते, चुकलं तरी रागावत नाही. महिन्याभरात भागोजीची भाकरी तव्यावर टम्म फुगायला लागली.

पण मातीची सवय काही सुटली नाही. आवडीजवळ एक बाहुली होती, ठकी तिचं नाव. ठकीला जेवायला नको का? मग भागोजी दिवसाची कामं आटोपली की दोन बोटांवर लहान भाकऱ्या थापायचा. मी त्यांतलीच एक. माझ्या पाठीवर निरखून पाहिलंत तर त्याच्या बोटांच्या रेषा अजून दिसतील. नुसत्या भाकरीवर कोण जेवतं, म्हणून आवडीनं मातीचे बारीक दोर वळले, बाभळीच्या काट्यानं त्यांचे तुकडे केले आणि भाताची शितं केली. एका बैठकीत साठ शितं. त्या पोरीचा धीर मोठा. मग सुके बोंबील झाले, दोन मिरच्या, एक कांदा, कुळथाच्या पिठीचं भांडं, तवा, चूल. ओढ्यातले दोन चपटे गोटे एकमेकांवर घासून घासून भागोजीनं जातं केलं, त्याला आठ दिवस लागले. सूप मात्र त्याला जमेना. ते पोलादपूरच्या बाजारातल्या बुरुडाकडून विणून आणलं. बुरुडानं माप विचारलं, तर भागोजीनं अंगठा दाखवला. "उंदराच्या लग्नाला का रे?" बुरूड म्हणाला. पण विणलं सुबक. त्या बुरुडाचेही माझ्यावर उपकार आहेत, कारण पुढे कित्येक दिवस मी त्याच सुपात निजले.

आता भाजणी. आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजतात. रोपं पेरायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या, म्हणजे जमीन भाजून निघते. भागोजीनं आम्हा सगळ्यांना राबाच्या बुडाशी, शेणाच्या जाड थराखाली पुरलं. वारा बघून आग लावली. आत काय झालं ते विचारू नका. कांदा फुटला, चुलीचा एक कान गेला, माझ्या शेजारच्या दोन भाकऱ्या दुभंगल्या. दुसऱ्या दिवशी आवडीनं काठीनं राख उकरली, तेव्हा आम्ही तीनच भाकऱ्या धड निघालो. धुरानं पाठीवर डाग पडले होते. ते पाहून भागोजी म्हणाला, "बेस झालं. अशीच करपते माजी भाकर." राबाची आग काही कुंभाराच्या भट्टीसारखी कडक नसते. त्यामुळे मी आतून अजून थोडी कच्चीच आहे. पाण्यात पडले तर विरघळेन. म्हणून मला जपणाऱ्या प्रत्येक हाताची मला आठवण आहे.

ठकीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. रखमेची दोन लुगडी होती. एक तिच्याबरोबर गेलं. दुसरं हिरवं, ते उशाशी घेऊन आवडी निजायची. निजून निजून ते विरलं. जेवढा तुकडा धड राहिला, त्याची भागोजीनं बाहुली बांधून दिली. आत सावरीचा कापूस, डोक्याला काळ्या शेळीचे केस, डोळे काजळाचे. कापड थोडं म्हणून ठकी लहानशीच झाली. पण आवडीच्या घरात आईचं म्हणून जे काही उरलं होतं, ते एवढंच होतं. हे वाडीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. भागोजी बोलणारा गडी नव्हता.

खालच्या मोठ्या घरात सयाजी राहायचा. त्याची बायको चंद्राबाई, आणि एकुलती लेक बनू. बनू आवडीच्याच वयाची, दोघींचा जीव एकमेकींत. त्या साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला आणि बनूचा काका आगबोटीनं दासगाव बंदराला उतरून घरी आला. खिसा रिकामा होता, पण पुतणीसाठी त्यानं बाहुला आणला. काय त्याचा रुबाब. काळा कोट, पितळी बटणं, डोक्याला टोपी. चंद्राबाईनं त्याच्या थाटाला शोभतील अशी अंगठ्याएवढी हंडाकळशी महाडच्या तांबटाकडून खास घडवून आणली. आणि बाहुल्याकडे बघता बघता तिच्या मनात आलं, याचं लग्न लावायचं.

मित्रांनो, चंद्राबाईला मुलगा नव्हता. आपल्याकडे लग्नात सगळ्यांत मोठा मान वरमाईचा, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आईचा. तिचे पाय धुतात, तिला साडी देतात, ती रुसली की सगळा मांडव हात जोडतो. चंद्राबाईनं गावातल्या किती तरी वरमाया मिरवताना पाहिल्या होत्या. आपल्याला हा मान या जन्मी नाही, हे ती मनात धरून होती. बाहुल्याच्या निमित्तानं तिला तो मिळणार होता. तिनं हौसेनं सगळं मनावर घेतलं यात तिचं काय चुकलं? मला तर तिची हौस आवडली.

ती स्वतः चढ चढून भागोजीच्या दारी आली आणि ठकीला मागणी घातली. "पर एक सांगते, भागोजी. खोटं खोटं लगीन मला जमायचं नाय. करायचं तं रीतीनं करायचं."

भागोजीला बरं वाटलं. दोन वर्षांत त्याच्या घरी आनंदाचं म्हणून कोणी आलं नव्हतं. आवडी तर उड्याच मारायला लागली. "करू," तो म्हणाला. "रीतीनं करू."

वैशाखात लग्न लागलं. सयाजीच्या अंगणात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव पडला. ठकीला हळद लागली, तिच्या हिरव्या कापडावरून पिवळं पातळ गुंडाळलं, मुंडावळ्या बांधल्या. वाडीतली निम्मी माणसं जमली, कारण लावणीआधी हाताला काम नव्हतं आणि चंद्राबाईनं गुळाचा शिरा केला होता. कुशाबा नावाचा म्हातारा भटजी झाला. जन्मभर लग्नांतून जेवून त्याला मंगलाष्टकं पाठ झाली होती, आता नजर मात्र अधू झाली होती.

रुखवत आवडीकडचं होतं. केळीच्या पानावर आम्हाला मांडलं. भात, बोंबील, पिठी, मिरच्या आणि सुपात आम्ही तिघी भाकऱ्या. बायका वाकून वाकून बघत होत्या. दीड वर्षामागे ज्या हसल्या होत्या, त्याच आता विचारत होत्या, "भाकर गड्यानं थापली व्हय? कडा बघा गो कशा आल्यात." मला त्या वेळी जो आनंद झाला, तो सांगता येत नाही. तेवढ्यात कुशाबा पुढे सरकला. "नवरीकडची चव तं बघूया," असं म्हणून त्यानं मला उचललं आणि सरळ दाताखाली धरलं. त्याचा एकच दात उरला होता, म्हणून मी वाचले. "कडक झाली रे, भागोजी," तो म्हणाला, आणि सगळा मांडव हसून लोळला. मला जराही राग आला नाही. भाकरीला भाकरी समजलं गेलं, यापरतं काय हवं?

मग कन्यादान झालं. चंद्राबाईनं खरीखुरी पळी आणि पंचपात्री आणली होती. भागोजीनं ठकीला तळहातावर घेतलं आणि तिच्यावरून पाणी सोडलं. कुशाबानं सावधान म्हटलं, अक्षता पडल्या. खेळात सगळे एवढे रंगून गेले होते, की हे पाणी खरं आहे याचा कोणी विचारच केला नाही. इथंच सगळ्यांची चूक झाली.

पंगत उठल्यावर आवडी आली आणि तिनं ठकीला उचललं. "चल, घरी जाऊ."

चंद्राबाई हसली. "घरी कुठं गो? आता ठकी आमची सून. लेक दिली की दिली."

आवडीला वाटलं, काकी थट्टा करतेय. लग्न झालं की खेळ संपतो आणि ज्याची बाहुली त्याच्या घरी जाते, अशीच तिची समजूत होती. पण चंद्राबाई थट्टा करत नव्हती. भरल्या मांडवात, अक्षता पडल्यावर, नवरी माहेरी परत गेली असं कधी झालं आहे का? तिला ते अशुभ वाटत होतं, वाईट काही नव्हतं तिच्या मनात. आवडीनं बापाकडे पाहिलं.

भागोजीचं तोंड उतरलं होतं. तो एवढंच म्हणाला, "पाणी सोडलंय पोरी मी."

त्याला बोलता आलं असतं. हे कापड कोणाचं आहे, एवढं एक वाक्य पुरे होतं. पण चार माणसांत बायकोच्या लुगड्याचा विषय काढायचा आणि दिलेली वस्तू मागायची, हे त्या गड्याच्यानं झालं नाही. आवडी रडली नाही. तिनं आम्हा तिघी भाकऱ्यांना चिंधीत बांधलं आणि ठकीच्या हाताशी ठेवलं. लेक सासरी निघाली की आई शिदोरी देते, तशी. "लाजू नको," ती ठकीला म्हणाली. "भूक लागली तं खा." मग ती बापाचं बोट धरून चढाला लागली, आणि मी चिंधीत बसून सासरी आले.

खोटं कशाला बोलू, सासरी थाट होता. ठकीला भिंतीतल्या देवळीत पाट मिळाला, पितळी हंडाकळशी मिळाली. आल्या-गेल्या बाईला चंद्राबाई सून दाखवायची. पितळेची भांडी आम्हा मातीच्या भाकऱ्यांशी जरा तुटक वागली, पण ते सोडा. खेळ मात्र काही रंगेना. बनू चार दिवस एकटीच चूल मांडून बसली, मग तिनं तेही सोडलं. एक दिवस ती वरून परत आली ती तोंड पाडूनच.

"आय, आवडी खेळायला येत नाय. सगळी भातुकली तिनं टोपलीखाली झाकून ठेवली. मी म्हटलं, चूल तरी मांड. तर म्हणते, घरात करणारी नाय, तं चूल कशाला."

तांदूळ निवडता निवडता चंद्राबाईचा हात थांबला. रखमा गेली तेव्हा आलेल्या-गेलेल्या बायका हेच बोलत होत्या. पोरीनं तेव्हा ऐकलं असणार. पण चंद्राबाईनं स्वतःची समजूत काढली. "व्हईल सवय. लेकी जातातच."

भाकरीला हात-पाय नसतात, मित्रांनो, तोंडही नसतं. मला तेव्हा फार ओरडावंसं वाटलं, की अगो बाई, ते पिवळं पातळ जरा बाजूला कर. पण मी निमूट चिंधीत पडून राहिले.

ज्येष्ठातली वटपौर्णिमा आली. नव्या सुनेची पहिली वटपौर्णिमा, म्हणून चंद्राबाईनं ठकीसाठी खणाचा नवा तुकडा काढला. वडाला न्यायच्या आधी तिला नटवायला बसली. पिवळं पातळ सोडलं, आणि आतलं हिरवं कापड पहिल्यांदा तिच्या हातात आलं. ठकीच्या पाठीवर एक शिवण होती. लाल दोऱ्याचे सात टाके, जवळजवळ घातलेले, शेवटाला दुहेरी गाठ.

चंद्राबाई ते टाके बघत राहिली. मग बोट फिरवून बघितलं.

"बनू," ती म्हणाली, "हा टाका माजा हाय."

बनूला काही कळेना. तेव्हा चंद्राबाईनं सांगितलं. तीन वर्षांमागे ती आणि रखमा रानात करवंदांना गेल्या होत्या. जाळीत रखमेचं लुगडं चांगलं वीतभर फाटलं. तशी घरी कशी जाणार? चंद्राबाईच्या गळ्यातल्या पोतीला सुई अडकवलेली असायची. ओच्याचा लाल दोरा उसवून तिनं तिथंच, दगडावर बसून, रखमेच्या अंगावरच ते शिवून दिलं होतं. दोघी हसत होत्या. रखमा म्हणाली होती, सुई टोचलीस तं करवंदं देणार नाय.

"मी काय केलं गो," चंद्राबाई म्हणाली. "आयशीचं एवढंच उरलं होतं पोरीकडं. ते मी मांडवात मिरवून घेऊन आले. आन तो भागोजी एक शब्द बोलला नाय."

"मंग देऊन टाकूया," बनू म्हणाली. लहान मुलांना असं लगेच सुचतं.

"देऊ कशी? लग्नाची सून दोन महिन्यांत बापाघरी पोचती केली, तं लोक काय म्हणतील? सासूनं टाकली म्हणतील. आधीच त्या भागोजीला भाकरीपायी हसलेत. आता लेक परत आली म्हणून हसतील. वर मी दया म्हणून दिली असं त्याला वाटलं, तं तो घेणारबी नाय."

तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. बाहुली ती बाहुली, तिला कोण टाकणार आणि कोण नांदवणार? पण आमच्याकडे पाणी सोडलं म्हणजे सोडलं. खेळातलं असलं म्हणून काय झालं, भागोजीनं ते खरं धरलं होतं आणि आपली सगळ्यांत मोलाची वस्तू देऊन टाकली होती. त्याचा तो शब्द मोडायचा नाही आणि पोरीची आई मात्र तिला परत मिळायची, असं काहीतरी चंद्राबाईला शोधायचं होतं. त्या दिवशी ती वडाला गेली. सूत गुंडाळताना तिचे फेरे चुकले, असं बनू सांगत होती.

आठ-दहा दिवसांनी तिनं बनूला वर धाडलं. निरोप पाठ करून घेतला. "सांग भागोजीकाकाला, आखाड लागतोय. पयल्या आखाडात नव्या सुनेनं सासूचं तोंड बघायचं नाय. लेकीला न्यायला मुराळी पाठवा."

मुराळी म्हणजे माहेराहून लेकीला आणायला जातो तो. बहुधा भाऊच जातो. ठकीला भाऊ कुठला? दुसऱ्या दिवशी भागोजी स्वतःच आला. डोक्यावर पावसासाठी पानांचं इरलं, धुतलेलं धोतर, लाल पागोटं, गुडघ्यापर्यंत चिखल. थट्टा आहे की खरं, हे न कळल्यामुळे तो ओटीखालीच उभा राहिला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"व्याही, असं खाली का?" चंद्राबाई म्हणाली आणि पाय धुवायला पाणी पुढे केलं. तेव्हा कुठे भागोजी ओटीवर चढला. त्यानं फडकं तिच्यापुढे ठेवलं. रिकाम्या हातानं मुराळ्यानं यायचं नसतं. आत नाचणीच्या चार भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. खऱ्या भाकऱ्या. माझ्या मोठ्या बहिणी म्हणा ना.

चंद्राबाईनं तिथंच बसून तुकडा मोडला आणि खाल्ला. सावकाश खाल्ला. "कुणी केली?"

"मीच," भागोजी म्हणाला. "पोरीनं शिकवली."

"रखमाच्या हातची लागते," ती म्हणाली. भागोजीनं मान फिरवली. लावणीच्या दिवसांत बांधावर बसून या दोघींनी एकमेकींची भाकरी कितीदा खाल्ली असेल, ते त्यालाही माहीत होतं.

मग चंद्राबाईनं ठकीला आणलं. अंगावर तेच हिरवं कापड होतं, वरून खणाचा तुकडा. हातात आमची चिंधी. तिनं ठकीला भागोजीच्या ओंजळीत दिलं आणि वरमाईच्या तोऱ्यात हिशेब सांगायला लागली.

"आखाडभर राहू द्या. पुढं श्रावणात पंचमी येते. पंचमीला लेक माहेरीच लागते, मंग मधी आणून काय करायचं? भादव्यात गौरीला दोन दिस इकडं पाठवा, नव्या सुनेचा पयला ववसा हाय, गौरीपुढं ठेवायचं सूप मी भरीन. मंग पितरपाख. त्यात कुणी सून आणत नाय. मंग दिवाळसण, तो बापाच्या घरीच व्हायचा. पुढं पौषात तं सासरी निघायला प्रस्थानच ठेवत नाय आमच्यात."

आतून सयाजी म्हणाला, "आन ती नांदायची कवा?"

"सासू मी हाय," चंद्राबाई म्हणाली. "मी बघीन."

भागोजी भोळा होता, पण एवढा भोळा नव्हता. त्याची नजर ठकीच्या पाठीवर गेली. लाल टाके वर दिसतील असा तो खण मुद्दाम थोडा खाली बांधला होता. त्यानं ते बघितलं, चंद्राबाईकडे बघितलं, आणि पागोट्याच्या शेवटानं डोळे पुसले.

"व्याह्यानं रडू नये," ती म्हणाली. "रडायचं काम वरमाईचं." आणि तीच रडली.

भागोजीनं ठकीला आणि आम्हाला इरल्याखाली छातीशी धरलं आणि चढ चढला. वाटेत दोन-तीन माणसं भेटली. "काय आणलंस रे?" त्यांनी विचारलं. भागोजी ताठ मानेनं म्हणाला, "लेक आणली माहेरपणाला."

दारात आवडी उभी होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण बाप पागोटं बांधून खाली गेला म्हणजे काहीतरी आहे, हे तिनं ओळखलं होतं. भागोजीनं इरलं बाजूला केलं. ठकीला पाहून ती धावेल, हिसकावून घेईल, असं मला वाटलं. तिनं तसं केलं नाही. "थांब, बा," ती म्हणाली. "आत नको येऊस."

सासरहून लेक आली की उंबऱ्याबाहेर तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. रखमा माहेरी गेल्यावर तिची आई तिच्यावरून टाकायची, ते आवडीनं पाहिलं होतं. तिनं आमची चिंधी सोडली. आम्ही तिघी तिच्या तळहातावर होतो. माझ्यावरून तिचं बोट फिरलं आणि पुढच्या भाकरीवर थांबलं. तिनं तिला उचललं, कटकन मोडलं, तुकडा ठकीवरून तीनदा ओवाळला आणि बाहेर पावसात लांब भिरकावला. मग ठकीला घेतलं, तोंडाजवळ धरलं, त्या कापडात नाक खुपसून उभी राहिली. किती तरी वेळ उभी राहिली. त्यानंतर आत जाऊन तिनं टोपली उचलली आणि चूल मांडली.

माझी ती बहीण पावसात विरघळली असेल. बांधाची माती पुन्हा बांधाला मिळाली. कधी कधी मला तिचा हेवा वाटतो, कारण आम्हा सगळ्यांत भाकरीच्या खऱ्या कामाला तीच आली.

बाकी आयुष्य माझं सुखात गेलं. चंद्राबाईनं सांगितला तो क्रम ती आजही दरवर्षी पाळतेय. गौरीला दोन दिवस ठकी आणि आम्ही उरलेल्या दोघी भाकऱ्या खालच्या घरी जातो, सूप भरतं, मग परत येतो. आवडी आता मोठी झाली. गेल्या साली तिचं लग्न नाते गावी झालं. सासरी तिच्या सामानातून ठकीचं गाठोडं निघालं, तेव्हा आवडीच्या सासूनं विचारलं, हे काय. आवडीनं सगळं सांगितलं. ती बाई ऐकून घेऊन म्हणाली, "मंग वर ठेव, उंदीर खाईल." त्या बाईचीही मी आभारी आहे. आता मी फडताळात वरच्या फळीवर बसते, आणि पंचमीला भागोजी पागोटं बांधून खऱ्या लेकीचा मुराळी होऊन येतो, आणि तिच्याबरोबर आम्हालाही वाडीवर नेतो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, मला जपणारी माणसं आहेत. माझं मागणं वेगळं आहे. कुणाचं खेळणं हातात घ्याल, तेव्हा आधी ते उलटं करून आतली शिवण बघा. ते कशाचं केलंय, कुणी केलंय, ते विचारा. आणि चुकून घेतलंच, तर परत जरूर द्या. पण देताना चंद्राबाईनं दिलं तसं द्या, म्हणजे घेणाऱ्याला मान खाली न घालता घरी नेता येईल.